सूर्य मावळायच्या आत अटक

आमच्या ठाण्यात बराच काळ मी एकटीच बाई होते. त्यामुळं हद्दीतल्या कुठल्याही बाईनं काहीही केलं, की जीप आधी माझ्या दारापुढं येऊन हॉर्न वाजवायची. सुनेनं सासूचं डोकं फोडलं, बोलवा बाईला. सासूनं सुनेचं फोडलं, बोलवा बाईला. दोघींनी मिळून सासऱ्याचं फोडलं, तरी बोलवा बाईला. पुरुष सहकाऱ्यांना चोर, दरोडेखोर, वाळूवाले असे भारदस्त गुन्हेगार मिळाले. माझ्या वाट्याला बायका आल्या, आणि खरं सांगते, दरोडेखोर परवडले.

सहायक फौजदार म्हणून निवृत्त होऊन मला आता दोन पावसाळे झाले. संपादकांनी "थरारक अनुभव लिहा" असं सांगितलंय. थरार म्हणाल तर एकदा बाजाराच्या बंदोबस्तावर निघताना माझ्या बुटात विंचू निघाला होता, तेवढाच. बाकी सगळी नोकरी लोकांना एकच गोष्ट समजावण्यात गेली, की पोलिसाला वाटेल त्याला उचलता येत नाही. हे कुणाला पटत नाही. धाराशिवला असताना तेरच्या एका गृहस्थांनी मला बसस्टँडवर गाठलं आणि म्हणाले, "बाई, माझ्या मेव्हण्याला अटक करा." गुन्हा काय, तर तो जावळाला आला नव्हता. एका बाईला तर नवऱ्यालाच अटक करून हवी होती, पण फक्त संध्याकाळपर्यंत. तिला घर सारवायचं होतं आणि तो मधेमधे येत होता.

तर बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगते. मोठ्या गुन्ह्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात, त्याला दखलपात्र गुन्हा म्हणतात. शिवीगाळ, किरकोळ ढकलाढकली अशा अदखलपात्र गोष्टींत कोर्टाच्या हुकमाशिवाय आम्हाला हात लावता येत नाही. आणि गुन्हा दखलपात्र असला तरी अटक केलीच पाहिजे असंही नाही. शिक्षा सात वर्षांपर्यंतची असेल तर बहुतेक वेळा नोटीस देऊन माणसाला ठाण्यात बोलावतात. अटक करायचीच असेल तर ती का, हे साहेबाला कागदावर लिहावं लागतं. अलीकडं कायद्यांची नावं बदलली, कलमांचे आकडे बदलले, आमच्यासारखे जुने लोक अजून जुनेच आकडे बोलतात. पण या गोष्टी होत्या तशाच आहेत.

हेच सगळं सांगायला मला वरून हुकूम आला होता. विषय, महिलांचे हक्क. भूमपासून आत, डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथल्या बचत गटाच्या बायकांना शाळेच्या व्हरांड्यात बसवलं होतं. भाषणानंतर चहा-चिवडा आहे, हे आधीच सांगून मास्तरांनी घोळ केला होता. सगळ्यांचे डोळे चिवड्याच्या पातेल्यावर. पुढच्या रांगेत गिरजाबाई नावाची एक म्हातारी चिंचेतले चिंचोके काढत बसली होती. तिचं माझ्याकडं अजिबात लक्ष नव्हतं, असं मला वाटलं.

मी सांगत होते. अटक करताना कारण सांगावं लागतं. अटक होणारा सांगेल त्या घरच्या माणसाला कळवावं लागतं. चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करावं लागतं. बाईच्या अंगाला पुरुष पोलिसानं हात लावायचा नाही, त्यासाठी बाई पोलीसच पाहिजे. आणि सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करायची नाही.

गिरजाबाईनं मान वर केली. "दिस बुडाल्यावर न्हाय म्हंजी न्हाय?"

"नाही. अगदीच खास कारण असलं तर बाई अधिकारी न्यायदंडाधिकाऱ्यांची लेखी परवानगी काढते, मगच."

"म्हंजी न्हायच की," असं म्हणून तिनं पुढची चिंच हातात घेतली.

त्यानंतर काही महिन्यांनी, ऐन लग्नसराईत, जीप माझ्या दारापुढं उभी राहिली. आत फौजदार रणदिवे साहेब होते. पुण्याकडचे, वयानं माझ्या मुलाएवढे, नुकतंच प्रशिक्षण संपवून आलेले. गणवेशाला अशी इस्त्री, की घडीनं कांदा कापावा. मोठे साहेब धाराशिवला बैठकीला गेले होते, म्हणजे त्या दिवशी ठाणं यांच्या ताब्यात होतं.

"बाई, वाडीत एका म्हातारीनं वायरमनला कोंडून ठेवलंय. सरकारी कर्मचारी आहे. सरळ उचलायची. चहाच्या आधी परत येऊ."

झालं होतं असं. वाडीची डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा तो खांबावरचा डबा, जळून बरेच दिवस झाले होते. गिरणी बंद, पाण्याची मोटार बंद, सगळ्यांचे मोबाईल मेलेले. अर्जांवर अर्ज झाले, कुणी फिरकलं नाही. आणि त्या दिवशी पोपट वायरमन आला तो डीपी घेऊन नाही, तर मीटरचं रीडिंग घ्यायला. गिरजाबाईचं मीटर शेळ्यांच्या गोठ्यात. पोपट आत गेला, हिनं बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली. "लाईट न्हाय तर रीडिंग कशाचं घेतोस रं? डीपी आली की दार उघडंल." पोपटनं खिडकीतून आपला मोबाईल एका पोराकडं दिला, त्यानं रेंज गाठून इंजिनिअरला कळवलं आणि लगेच तोही मोबाईल मेला.

मी जीपमध्येच म्हणाले, "साहेब, या कलमाला नोटीस दिली तरी चालतं. म्हातारी पळून जाणार नाही. माणूस बाहेर काढू आणि नोटीस देऊ."

"बाई, आत माणूस अडकलाय आणि तुम्ही नोटिशीच्या गोष्टी करताय!"

वाडीत पोचलो तर सगळं गाव गोठ्यापुढं. गिरजाबाई उंबऱ्यावर पाय पसरून बसलेली. तिचा नवरा, दगडूतात्या, बाजूला बाजेवर दोर वळत होता. तात्या म्हणजे अत्यंत गरीब माणूस. बायकोच्या पन्नास वाक्यांमागं त्यांचं एक, तेही मनातल्या मनात.

"बाई, आलाव व्हय? बसा, च्या टाकते," गिरजाबाई मला म्हणाली.

फौजदार दारापाशी जाऊन ओरडले, "पोपट! घाबरू नका! पोलीस आलेत!"

आतून आवाज आला, "साहेब, गडबड करू नका. भाकरी खातोय."

खिडकीतून त्याला पिठलं-भाकरी देण्यात आली होती. वर ठेचाही. साहेबांचा चेहरा थोडा उतरला, पण ते मला म्हणाले, "बाई, घ्या ताब्यात."

आता ताब्यात घ्यायचं म्हणजे काय, ते सांगते. पळून जाणाऱ्याला, झटापट करणाऱ्याला आवरण्यापुरतं बळ वापरता येतं. आवरण्यापुरतं, त्याहून एक चिमूट जास्त नाही. चिडलोय म्हणून नाही, लोक बघतायत म्हणून नाही. गिरजाबाई पळत नव्हती, झटत नव्हती, उलट चहा टाकते म्हणत होती. आणि ती उंबऱ्यावर अशी बैठक मारून बसली होती, की हलवायला ट्रॅक्टर लागला असता. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "गिरजाबाई, सरकारी माणसाला कामात अडवलं आणि कोंडलं म्हणून तुम्हाला ठाण्यात न्यायचंय."

"कारण सांगितलंव, बरं केलंव," ती म्हणाली. "आता माज्या लेकीला कळवा. कळवल्याबिगर हात लावता येत न्हाय, तुमीच सांगितलाव शाळंत. आन चोवीस तासात कोर्टात गाडीनं न्यायचं, जेवाय घालून परत आणून सोडायचं."

"परत आणून सोडायचं मी म्हणाले नव्हते."

"मग म्या येऊ कशी? तुमचा कायदा अर्धाच हाय बगा."

लेक सुरेखा येडशीला दिलेली, पण त्या दिवशी भूमला नात्यातल्या लग्नाला आलेली होती. साहेबांचा मोबाईल येताना व्हिडिओ बघून संपलेला. माझ्या बटणाच्या फोनला चार्जिंग होतं, पण डोंगराच्या आडोशाला रेंज नाही. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर, असं गावानं एकमुखानं सांगितलं. माझे गुडघे टाकीवर चढण्याच्या लायकीचे राहिले नव्हते. ड्रायव्हरला उंचावर चक्कर येते, असं त्याला त्याच क्षणी आठवलं. शेवटी फौजदार साहेब स्वतः चढले. खाली सगळं गाव मान वर करून उभं.

पलीकडं लग्नाचा बँड वाजत असावा, कारण साहेबांनी आवाज टिपेला नेला. "हॅलो! पोलीस बोलतोय! तुमच्या आईला अटक! अटक हो! अ-ट-क!"

मग थोडी शांतता.

"नाही, अजून झाली नाही! होईल थोड्या वेळात!"

पुन्हा शांतता.

"हो, इथून धाराशिवला न्यावं लागेल! बायकांची सोय तिथंच आहे! नाही, आता काही उपाय नाही! तुम्ही यायचं तर लवकर या!"

साहेब समाधानानं खाली उतरले. "बिचारी फार रडत होती," ते म्हणाले. "आईवर जीव दिसतोय." मलाही तेव्हा काही शंका आली नाही.

इकडं उन्हं उतरायला लागली होती. वाडीच्या पश्चिमेला डोंगर, त्यामुळं तिथं सूर्य लवकर दिसेनासा होतो. गिरजाबाई उठली. मला वाटलं, निघाली. ती गेली अंगणात आणि लागली कोंबड्या गोळा करून डालग्याखाली झाकायला. कोंबड्या तयार नव्हत्या. त्यांच्या मते अजून चरायला भरपूर वेळ होता. त्यांनी एकच कालवा केला.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"दिस बुडाला, साहेब. कोंबड्या डालल्या म्हंजी बुडाला. आता उद्या या."

"अजून ऊन आहे!"

"त्यो नुस्ता उजेड हाय. ऊन डोंगरापल्याड गेलं."

"डोंगरामागं गेला म्हणजे मावळत नाही! सूर्य क्षितिजाखाली जावा लागतो!"

"आमच्या वाडीला त्यो डोंगरच लावून दिलाय सरकारनं. दुसरं क्षितिज कुटून आणू?"

गावातल्या एका म्हाताऱ्यानं पंचांग आणलं. ते सोलापूरचं निघालं. आपल्याकडं सूर्य सोलापूरच्या आधी मावळतो का नंतर, यावर दोन तट पडले. कायद्यात कोंबड्यांचा उल्लेख नाही, हे मी तिला परोपरीनं सांगत होते. त्यात आतून पोपट म्हणाला, "साहेब, हितं तर कवाच अंधार पडलाय." गिरजाबाई म्हणाली, "बगा, तुमचाच साक्षीदार हाय."

इतक्यात टेम्पो आला. पाठीमागं वऱ्हाडी खच्चून भरलेले, फेटे, पैठण्या, गजरे. टेम्पो थांबायच्या आत सुरेखानं खाली उडी मारली आणि गळा काढला, "आई गंऽऽ! माज्यासाठी थांबली न्हाईस गंऽऽ!" तिच्यामागं आठ-दहा बायका पदर तोंडाला लावून रडत उतरल्या. एक सनईवालाही चुकून टेम्पोत बसून आला होता.

गिरजाबाईच्या दोन्ही हातांत एकेक कोंबडी. ती म्हणाली, "काय गं, जेवलीस का?"

सुरेखा जागच्या जागी थिजली. आधी आईकडं बघितलं, मग आमच्याकडं. "हितनं फोन आला, आईला अटॅक आलाय. धाराशिवला न्यायलेत, उपाय न्हाय म्हणून!"

"अटक!" फौजदार ओरडले. "अटक म्हणालो मी! अटॅक नाही!"

आधी कोण हसलं ते मला सांगता येणार नाही. बहुधा पोपट, गोठ्यातून. मग सगळी वाडी, मग वऱ्हाड. रडणाऱ्या बायका रडता रडता हसायला लागल्या. माझी अशी अवस्था झाली, की मी पाठ फिरवून जीपचा नंबर वाचत उभी राहिले.

साहेब लालबुंद झाले. "दार तोडतो!" म्हणाले. आत माणूस कोंडलेला असताना दार तोडायला कायद्यानं हरकत नव्हती, पण तोडण्याआधी नीट सांगायचं, उघडायला संधी द्यायची असते. मी "साहेब, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी पळत येऊन लाथ घातली. दाराला वाळवी लागलेली. ते जसंच्या तसं आत पडलं आणि त्यावर साहेब. पोपट ओरडला, "साहेब, बोकड!"

तो बोकड मी पाहिला. काळा, दाढीवाला, दिवसभर परक्या माणसाबरोबर कोंडला गेल्यानं वैतागलेला. त्यानं साहेबांना उठू दिलं, वळू दिलं आणि मग मागून घेतलं. साहेब दारातून बाहेर आले ते पाय न टेकता, आणि अंगणातल्या जनावरांच्या हाळात पाण्यात पडले. टोपी घरंगळत लांब गेली, लाठी तेवढी हातात राहिली.

एवढं हसणं मी त्याआधी कुठं ऐकलं नाही. सनईवाल्यानं सनई वाजवली असती तर आश्चर्य वाटलं नसतं.

दगडूतात्या मात्र हसले नाहीत. ते बाजेवरून उठले, टोपी उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि हाळाशी जाऊन वाकून साहेबांपुढं धरली.

साहेब पाण्यातून उठले, हातातली लाठी उगारली आणि समोर जो होता त्याला मारली. तात्यांच्या हातावर. टोपी पुन्हा खाली पडली.

हसणं बंद झालं. तात्यांनी हात छातीशी धरला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि तेच बघवत नव्हतं.

गिरजाबाईनं कोंबड्या खाली सोडल्या. हळू आवाजात म्हणाली, "साहेब, तुमाला बोकडानं मारलं. ह्यांनी टोपी दिली."

फौजदारांनी लाठी खाली घातली. त्यांच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं.

"चला बाई," ती मला म्हणाली, "मला ठाण्यात न्या. तकरार द्यायचीय." आणि आपली आपण जीपमध्ये जाऊन बसली. आरोपी आणायला गेलो होतो, फिर्यादी घेऊन निघालो. मागून टेम्पोत सगळं वऱ्हाड.

ठाण्यात मोठे साहेब येऊन बसले होते. त्यांनी आधी ओल्या फौजदारांकडं बघितलं, मग फेटेवाल्यांकडं, आणि डोळे मिटून घेतले. पोपटचा जबाब त्यांनी स्वतः घेतला.

"तुला कोंडलं कुणी?"

"कुणी न्हाय, साहेब. वाऱ्यानं दार लागलं."

"आणि बाहेरून कुलूप?"

"वारा लई होता, साहेब."

दोन भाकऱ्या आणि ठेच्याला तो जागला. कोंडण्याचं प्रकरण तिथंच विरलं. राहिला तात्यांचा हात.

ठाणे अंमलदार, म्हणजे तक्रारी लिहून घेणारा आमचा हवालदार, गिरजाबाईला म्हणाला, "आज्जी, पोलिसाची तक्रार पोलिसाकडं करतेत व्हय? जावा घरी, हळद लावा." तेव्हा मी पुढं झाले. मी साक्षीदार होते, म्हणून माझ्या हातानं काही लिहून दिलं नाही, पण रस्ता सांगितला. तो तुम्हालाही सांगते, कारण कुणावर कधी वेळ येईल सांगता येत नाही.

पहिली गोष्ट, सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घ्यायचं आणि मार कशाचा ते डॉक्टरला सांगायचं. सूज उतरली की पुरावाही उतरतो. मग लेखी अर्ज. काय झालं, कुठं, कुणी केलं, कुणी पाहिलं, एवढंच, सरळ. ठाण्याच्या प्रमुखाला द्यायचा आणि आपल्याकडच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. ठाण्यात घेत नसतील तर पोस्टानं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवायचा. तिथंही काही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यापुढं जाता येतं. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला सरकारनं वेगळं प्राधिकरणही नेमलंय, आणि अटकेतल्या माणसाला कुणी मारलं असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करतात तेव्हाच त्यानं ते सांगावं. तो प्रश्न विचारतात, आणि बहुतेक जण खाली बघून "काही नाही" म्हणतात.

याचीच मला खंत आहे. ठाण्याच्या पायऱ्यांवर येऊन, दोन मिनिटं उभं राहून, तसंच परत गेलेले लोक मी फार पाहिले. हळद लावून घरी बसले. त्यांच्यात फेटेवाल्यांचा टेम्पो घेऊन आलेलं कुणी नव्हतं.

तात्यांचं हाड मोडलं नव्हतं, सूज होती. डॉक्टरांनी "काठीचा मार" असं लिहून दिलं. अर्ज सुरेखाच्या नवऱ्यानं लिहिला. कोरा कागद मिळेना, तेव्हा खिशातल्या लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. मोठ्या साहेबांनी पत्रिका उलटसुलट करून बघितली. "ही तक्रार आहे का आमंत्रण?" "दोनी धरा, साहेब," जावई म्हणाला. दुसऱ्या पत्रिकेवर पोचेचा शिक्का बसला, तो नेमका नवरदेवाच्या नावावर.

पुढचे दिवस मला जड गेले. ठाण्यात कुणी माझ्याशी नीट बोलेना. "बाई, आपल्याच माणसाविरुद्ध साक्ष? निवृत्ती तोंडावर आलीय, कुठंतरी लांब टाकतील." भीती वाटत होती. घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, लांबची बदली परवडणारी नव्हती.

एका सकाळी फौजदार रणदिवे माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "बाई, चौकशीत तुम्ही काय सांगणार?"

"जे पाहिलं ते, साहेब."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "लाठीचं सांगा. पण बोकडाचं गाळलं तर चालणार नाही का?"

मला त्या पोराची पहिल्यांदाच कीव आली.

चौकशीला उपअधीक्षक आले. कडक माणूस, मिशीतही हसत नाही अशी ख्याती. सगळी वाडी जबाबाला हजर. आणि झालं काय, जो येईल तो बोकडाचंच सांगे. बोकड कसा वळला, कसा पळत आला, साहेब किती उंच उडाले. पोपटनं तर खुर्ची बाजूला सारून करून दाखवलं. उपअधीक्षकांनी विचारलं, "पुढं?" पोपट म्हणाला, "पुढं हाळ." उपअधीक्षकांनी रुमाल काढला, बराच वेळ नाक पुसलं आणि पाणी मागवलं. लाठीबद्दल बोलायला मात्र कुणाची जीभ उचलेना. पोलिसांपुढं पोलिसाविरुद्ध कोण बोलणार.

माझी पाळी आली. मी सांगितलं, "साहेब, दगडूतात्या टोपी द्यायला वाकले होते. त्यांनी काही केलं नव्हतं, कुणाला अडवलं नव्हतं. फौजदार साहेबांनी त्यांना लाठी मारली. गरज नव्हती." मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रणदिवे साहेब उभे राहिले होते.

"बाई खरं सांगतायत, सर," ते म्हणाले. "मारलं मी. लोक हसत होते, म्हणून मारलं."

उपअधीक्षक त्यांच्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "बसा."

फौजदारांना ताकीद मिळाली आणि ती त्यांच्या सेवापुस्तकात चढली. माझी बदली कुणी केली नाही. एवढ्या साहेब लोकांच्या फोनाफोनीत वाडीची डीपीही आठवड्याच्या आत बसली, हा एक अनपेक्षित लाभ. उपअधीक्षकांनी जाताना तात्यांना विचारलं, "तुमचं आणखी काही म्हणणं आहे?" तात्यांनी बराच विचार केला. "त्यांनी वाडीला यावं," ते म्हणाले. "हसले तेवड्या लोकांम्होरं सांगावं, की माजं काई चुकलं न्हवतं. लोक इच्यारतेत मला, तात्या, तुमी काय केलाव म्हणून."

हे काही हुकमात लिहिलेलं नव्हतं. तरी रणदिवे साहेब गेले. मला सोबत चला म्हणाले, म्हणून मीही गेले. भर दुपारी, साध्या कपड्यांत, सगळ्या वाडीसमोर त्यांनी सांगितलं, "तात्यांनी काही केलं नव्हतं. ते मला टोपी देत होते. मी मारायला नको होतं. चुकलं माझं." लोकांनी टाळ्या वगैरे काही वाजवल्या नाहीत. तात्यांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि बाजेवर जागा करून दिली.

साहेब बसले. मग तात्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या आधी तोंड उघडून, विचारलं, "तुमचं लगीन झालंय का?"

"नाही अजून."

गिरजाबाई चुलीपासून उठून बाहेर आली. सुरेखाच्या नणंदेची मुलगी बीएस्सी झाली होती. समोरच्या घरातून आवाज आला, की आमची नात पण आहे, उंचीला बरोबर शोभेल. कुणी जन्मतारीख विचारली, कुणी शेती किती ते विचारलं, एक म्हातारी त्यांचा हात धरून रेषा बघायला लागली, आणि कुणीतरी मुलीला साडी नेसवायला पळालंसुद्धा. साहेबांनी घाबरून माझ्याकडं बघितलं.

"बाई, काहीतरी करा ना."

"साहेब," मी म्हणाले, "अशा बाबतीत कायद्यानं आपल्याला काहीच अधिकार दिलेले नाहीत."